हवल्लीच्या घरातला केर

आम्ही कुवेत सोडलं त्या सकाळी बाबांनी केरसुणी हातात घेतली आणि आई त्यांच्यावर ओरडली. खाली बस उभी, जिन्यात माणसांची पळापळ, कोपऱ्यावर इराकी सैन्याचा रणगाडा, आणि या दोघांचं भांडण कशावरून, तर केरावरून! वाटेसाठी पिशवीत भरताना तांदूळ सांडले होते, फरशीभर झाले होते. बाबांना घर तसं टाकून जाववेना. आई म्हणाली, "ठेवा ती खाली. जाता जाता केर काढतात का कुणी? परत यायचंय ना आपल्याला?"

किल्ली समोरच्या दारातल्या उम्म खलीलकडे दिली. उम्म खलील म्हणजे खलीलची आई. तिकडे बाईला मुलाच्या नावानंच हाक मारतात. ती पॅलेस्टिनी, आणि आईची त्या शहरातली एकुलती एक जिवाभावाची मैत्रीण. ती रडत म्हणाली, घर मी झाडूनपुसून ठेवीन. तशी आईनं तिला मोडक्यातोडक्या अरबीत बजावलं, "आम्ही पोचल्याचा निरोप येईपर्यंत झाडू लावायचा नाही. निरोप आला की मग केर काढ." खलीलच्या आईला यातलं किती समजलं देव जाणे. पण तिनं छातीवर हात ठेवून कबूल केलं.

मी तेव्हा सहावीत. जन्म तिथलाच, कुवेतमधल्या हवल्ली वस्तीतला. बाबा समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्लँटवर मेकॅनिक होते. नागपूर म्हणजे मला उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं गाव. घर म्हणजे हवल्ली, तिथला समुद्राचा खारा वास आणि खलीलच्या आईच्या हातचं, झातर मसाला लावलेलं गरम खबूस, म्हणजे तिकडची रोटी. नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये सैन्य घुसलं आणि त्या खबूससाठी पहाटेपासून रांगा लागायला लागल्या. बाबांचं काम बंद पडलं. पलीकडच्या बिल्डिंगमधली माणसं उचलून नेली, ती परत दिसली नाहीत. शिपाई कधीही दार वाजवायचे आणि आई मला पलंगाखाली सारायची. निघा, असं आम्हाला कुणी म्हटलं नाही, हे खरं. पण राहा म्हणायला तरी कोण उरलं होतं?

बगदाद, मग जॉर्डनच्या वाळवंटातले तंबू, मग विमान, मुंबई, आणि शेवटी नागपुरात आत्याच्या घरातली मागची खोली. तुम्हा नातेवाइकांपैकी जे तिथे होते त्यांना आठवत असेल, जो येईल तो म्हणायचा, "सुटलात गं बाई! आपल्या घरी आलात." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. कुणाचं घर? माझी शाळा, माझ्या मैत्रिणी, माझी सायकल तिकडे, आणि मी म्हणे घरी आले! तुम्ही सगळं प्रेमानंच केलंत, आत्याचे उपकार तर जन्मभर फिटायचे नाहीत. पण एकानं जरी म्हटलं असतं ना, की पोरी, तुझं घर गेलं, तर मी मनसोक्त रडले तरी असते. बाबा सगळ्यांना एकच सांगायचे, "आम्हाला कुणी हाकललं नाही, आपणहून आलो." अभिमानी माणूस.

पोचल्याचा निरोप काही गेला नाही. फोन मेलेले, टपाल बंद. लढाई संपली तेव्हा कळलं की पुढाऱ्यांनी इराकची बाजू घेतल्याच्या रागापायी आता तिथून पॅलेस्टिनी लोकांनाही निघावं लागतंय. बाबांच्या एका मित्राकरवी चौकशी केली, तर खलीलच्या घरालाही कुलूप. कुठे गेले, कुणालाच ठाऊक नाही. आमची किल्लीही त्यांच्याबरोबरच गेली.

आता मी अमेरिकेत, फ्रीमाँटमध्ये आहे. टाउनहाउस, दोन गाड्या, फ्रीवेचा रोजचा वैताग, सगळं इतर चार जणांसारखंच. बाबा गेल्यापासून आई आमच्याकडे असते. इथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला कुणी विचारतं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" मी "नागपूर" म्हणून मोकळी होते. हातात भजीची प्लेट असताना कोण सांगत बसणार!

पण आईचा केर इथेही आला. इरा, माझी लेक, सुट्टी संपवून लॉ स्कूलला परत निघाली की घरात व्हॅक्यूम लागत नाही. नवऱ्यानं हौसेनं रोबो आणला, तो ठरल्या वेळी आपला आपण सुरू होतो. आई त्याच्या वाटेत पाट आडवा घालते आणि म्हणते, "गप बस मेल्या, पोर पोचू दे." फोनवर इराचं "रीच्ड" आलं की पाट निघतो.

यंदा थँक्सगिव्हिंगला इरा आली ती डोक्यात एकच विषय घेऊन. दुसऱ्या देशाचं सैन्य ताबा घेतं तेव्हा तिथल्या साध्या माणसांना घर सोडावं लागतं, त्याबद्दल आंतरराष्ट्रीय कायदा काय म्हणतो, हे ती शिकतेय. जेवणं झाल्यावर तिनं टेबलावर फोन ठेवला. "आजी, मी रेकॉर्ड करू? कुवेतचं सांग ना."

"काय सांगायचं? आम्हाला कुणी हाकललं नाही गं. आपणहून आलो." बाबांचंच वाक्य, जसंच्या तसं.

"आजी, इट्स नॉट ओन्ली अबाउट गन्स. कुणी बंदूक लावली तरच फोर्स्ड, असं नसतं. भीतीनं दुसरा चॉइसच उरला नाही, तर तेही फोर्स्डच. लॉ तसंच बघतो."

आईनं टेबलक्लॉथवरचे कण बोटानं गोळा केले. मग म्हणाली, "आमचं घर भाड्याचं होतं. देशही परका. असल्या माणसाचं घरसुद्धा तुझ्या कायद्यात घर धरतात?"

"हो आजी. तुम्ही तिथे रीतसर राहत होता ना? मग धरतात."

"बाप्पा!" आई एवढंच म्हणाली. माझे डोळे भरून आले. जे ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते ते माझ्याच लेकीनं, पायावर पाय टाकून, सहज सांगितलं होतं.

"मग लिही," आई म्हणाली. "आपणहून नाही आलो. घालवलं आम्हाला. चांगलं घर होतं माझं."

इरा फोन बंद करायला वाकली, तर आईनं तिचा हात धरला. पूर्वी ट्रंककॉलवर बोलायचे तशी फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाली, "उम्म खलील! वसल्ना." इतक्या वर्षांत तिच्या तोंडून अरबी ऐकलं नव्हतं. इराला कळेना, म्हणून मी हळूच सांगितलं, पोचलो म्हणतेय.

आई फोनकडेच बघत होती. मग तिचा आवाज खाली आला आणि ती मराठीतच बोलली, "पोचलो गं आम्ही. फार उशीर झाला कळवायला. काढ आता केर."