चंद्रीचं मुसकं

रुद्रप्पा जनावरांच्या दवाखान्यातून पट्टीबंधक म्हणून निवृत्त झाला. डॉक्टर सुई टोचतात तेव्हा जनावर धरायचं, जखमा धुवायच्या आणि लाथा खायच्या, ही त्याची नोकरी. अक्कलकोट रोडला आमच्या शेजारीच राहतो. डावा गुडघा कामातून गेलाय, पण रस्त्यात घोडं दिसलं की वाकून खूर उचलून बघायची खोड गेली नाही. "खुरात खडा अडकलाय की. तुझ्या चपलेत गेला असता तर लगेच काढला असतास," असं घोडीवाल्याला सुनावतो आणि मगच पुढं जातो.

आपल्याकडं लग्नाच्या घोडीला मान फार. ती दारात आली की कुंकू लावायचं, ओवाळायचं आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ नि गूळ चारायचा. गेल्या मे महिन्यात आमच्या गल्लीतल्या लग्नात घोडीवाल्या धनाजीच्या चंद्रीला हा मान मिळाला. वीसेक बायका, प्रत्येकीची ओंजळभर डाळ. वर नवरदेवाच्या मामानं उरलेली परातच तिच्यापुढं सरकवली. पाहुण्यांना नको कसं म्हणायचं म्हणून धनाजी गप्प. सकाळपासून तिला घोटभर पाणी मात्र कुणी दाखवलं नव्हतं. मला आजही त्या परातीची आठवण आली की तळपायाची आग मस्तकात जाते.

चौकात चंद्री थांबली. मान वळवून स्वतःच्या कुशीकडं बघायला लागली, पुढच्या पायानं डांबर उकरायला लागली. अंग घामानं निथळत होतं.

"नखरे करतीया," मामा म्हणाला.

नवरदेवाला उतरवलं तशी ती आडवी होऊन लोळायला लागली. मग सगळ्यांना एकदम शहाणपण सुचलं. बैलाचं पोट फुगल्यावर पाजतात तसं गोडेतेल पाजायचं. एकानं बाटली आणली, दोघांनी जबडा धरला.

रुद्रप्पा लंगडत गर्दीत घुसला आणि ती बाटली हिसकावून त्यानं गटारीत ओतली.

"बैल हाय का ती? असं पाजलं तर तेल फुफ्फुसात जातंय. घोड्याला उलटी हुत न्हाय, खाल्लेलं वर येत न्हाय. उठवा तिला. काय खायला देऊ नका. सावकाश चालवा."

"घोडी धनाजीची, लगीन आमचं. तुमी कोण?" मामानं विचारलं.

ज्यानं परात पुढं केली तोच हे विचारत होता. रुद्रप्पानं मला डॉक्टरांना फोन करायला लावलं आणि स्वतः लगाम धरून चंद्रीला थोडं चालवत, थोडं उभं करत राहिला. डीजे बंद करा म्हणून मी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा आवाज वाढला.

डॉक्टर आले. त्यांनी नाकातून नळी घालून पोटात औषध सोडलं, इंजेक्शन दिलं. आणखी उशीर झाला असता तर घोडी गेली असती, म्हणाले. दिवस मावळता मावळता चंद्रीनं लीद टाकली. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले आणि रुद्रप्पा ती लीद वाकून बघत एकटाच हसत होता.

पुढच्या लग्नात चंद्री तोंडाला मुसकं बांधून आली. मळणीच्या बैलाला बांधतात तसंच, फक्त धनाजीच्या बायकोनं त्याला जरीचा काठ शिवला होता. तिथल्या बायका बिथरल्या. घोडीला घास न देता नवरा कसा चढवायचा, हा अपशकुन आहे, म्हणाल्या. धनाजी वरमला आणि मुसकं सोडायला लागला. सोबत आलेल्या रुद्रप्पानं त्याचा हात धरला.

"नोकरीला लागलो त्या वर्षी डॉक्टर रजेवर हुते," तो बायकांना म्हणाला. "एका घोड्याला मी बाटलीनं तेल पाजलो. बैलाला पाजतात तसं. पाच दिवस खोकून खोकून मेलं. मालकानं मला टॉवेल-टोपी दिली, लई धडपड केलास म्हणून. ती टोपी अजून घरात हाय. एकदाबी डोक्यावर घातलो न्हाय."