हातोडी नसलेला गजर

भूत, आत्मा, संकेत... असलं काही सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आलोय. ग्रुपवर कुणाचा असा अनुभव आला की न वाचताच पुढे सरकायचो. त्यामुळे हे लिहिताना स्वतःचाच राग येतोय. अर्थात, राग येण्याचं तेवढंच कारण नाही.

मी सोलापूरचा. पन्नाशी ओलांडलेली, विम्याची नोकरी. नाद एकच — चावीची जुनी मनगटी घड्याळं. नुसती वेळ सांगणारी नव्हेत; चंद्राच्या कला दाखवणारी, गजर देणारी. अशा जादा करामतीला आम्ही संग्राहक ‘कॉम्प्लिकेशन’ म्हणतो.

माझ्या मामांकडे असंच गजराचं घड्याळ होतं, निवृत्तीला यंत्रमाग कारखान्याच्या मालकाने दिलेलं. मामांचे कान मागाच्या खडखडाटात गेलेले. मोबाइल कितीही वाजला तरी कळायचं नाही. पण हे घड्याळ मनगटावर भुंग्यासारखं थरथरायचं. दुपारी ते थरथरलं की मामा हृदयाची गोळी घ्यायचे.

पुढे माझ्या हाती त्याच बनावटीचं, पण दुर्मिळ घड्याळ लागलं. त्यात गजराची हातोडी नव्हती — आतून टकटक मारणारा इवलासा तुकडा. कुठे मिळेना. मग मी मामांचं घड्याळ ‘सर्व्हिसिंगला’ म्हणून नेलं, त्यातली हातोडी काढून माझ्या घड्याळात बसवली. परत देताना सांगितलं, "मामा, गजराचा पार्ट गेलाय. मिळाला की बसवतो."

"लवकर बघ बाबा," मामा म्हणाले. "गोळीचं ध्यान त्योच ठेवतो की."

मी शोधलाच नाही. माझं घड्याळ पूर्ण झालं होतं ना!

नंतर मामी वैरागला आजारी बहिणीकडे गेल्या, आणि इकडे मामांच्या गोळ्या राहिल्या. मामी परतल्या तेव्हा मामा आयसीयूत होते. तिथून ते घरी आलेच नाहीत. खापर मामींवर फुटलं. मी गप्प. वर्षभर गप्प!

मामांना जाऊन वर्ष झालं, त्या दिवशीच्या पुण्यानुमोदनाला सगळे त्यांच्या घरी जमलो. बुद्धवंदना झाली. मामांच्या फोटोसमोर स्टीलच्या ताटात त्यांचा चष्मा आणि ते घड्याळ ठेवलेलं. जेवणं उरकली, आणि भर दुपारी मामांची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशी, सुरू झाली.

"भनीकडं जाऊन बसली आन् माझा भाऊ घालवला! जेवायचं बरं ध्यानात राहतं, एक गोळी न्हाय राहत, व्हय गं?"

मामी पाण्याचे पेले गोळा करत राहिल्या. आणि फोटोसमोरचं ताट खडखडायला लागलं.

"आरं, बंद करा की ते कुणीतरी!" मावशी.

मी घड्याळ उचललं. गजर बंद करायची चावी दाबली... थांबेना. बोटांना तीच ती थरथर. मामींनी ते माझ्या हातातून हिसकावलं आणि त्याच्यावरच ओरडल्या, "आता वाजतूस? तवा कुटं मेला हुतास?"

"मामी, त्यात हातोडी नाही," मी म्हणालो. "मी काढली. माझ्या घड्याळासाठी."

मी कबूल केलं तरी ते वाजतच राहिलं. मग दमल्यासारखं हळूहळू बंद पडलं. मी ते मामींकडून घेऊन सगळ्यांसमोर त्याचं मागचं झाकण उघडलं. हातोडीची जागा रिकामी. गजराची स्प्रिंग पार उतरलेली.

मामींनी ते माझ्या हातातून परत घेतलं. "हितं बसून ऐकत हुतास की रं सगळं," त्या म्हणाल्या. "जेवलास न्हवं? जा आता."

जाणकारांना विचारलं. कुणी म्हणालं, बाहेरून ट्रक गेला असेल; कुणी म्हणालं, आतला स्क्रू ढिला असेल. ट्रक गेला नव्हता, स्क्रू घट्ट होते. इतकी घड्याळं उघडलीत मी, पण मारायला काही नसताना ते कसं वाजलं, याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

मावशी मात्र हा किस्सा आता कौतुकाने सांगत फिरते — भाऊ घड्याळातून बोलला म्हणे! मामींची माफी मागायला तिला अजून सवड झालेली नाही. मी मागितली. मामींनी केलं नाही माफ.

बरोबर केलं.