छत्री मिटेपर्यंत

माझी आत्या प्रेमात पडलेल्यांना डोंगरावर बसायला जागा देते, आणि तिचा हात फार लवकर उठतो. या दोन्ही गोष्टी एकाच बाईत कशा काय नांदतात, असं लोक मला विचारतात. मला त्यात नवल वाटत नाही. ज्यांनी तिचा मार खाल्लाय त्यांनाही वाटत नाही.

धंदा साधा आहे. घाटाच्या शेवटच्या वळणावर आमची लाकडी खोली. जोडपी शहरातून येतात, आमचा जीपवाला त्यांना बसथांब्यावरून वर आणतो. मी टोपली भरते: पाव, चीज, उकडलेली अंडी, द्राक्षं, केक आणि स्टीलच्या थर्मासमध्ये कॉफी. चादर अंथरायचं काम मात्र आत्याचं. वर वारा असा की चादर अंथरावी आणि ती दरीत जावी. म्हणून तिनं चादरींच्या कडेला पितळी कड्या बसवून घेतल्यात. त्या कड्यांतून ती लोखंडी खुंट्या घालते आणि लाकडी हातोड्यानं ठोकते. कातळावर माती नसते, तिथं भेगा शोधून ठोकते. तिनं ठोकलेली खुंटी काढायला मला दोन्ही पाय रोवून उभं राहावं लागतं.

जागा तीन. देवदारांची राई, गवताचं पठार आणि धबधब्याच्या माथ्यावरचा सपाट कातळ. कोणाला कुठं न्यायचं ते आत्या तोंडं बघून ठरवते. नव्यानं प्रेमात पडलेल्यांना राईत, कारण त्यांना समोरच्या माणसाखेरीज काही दिसत नाही, चांगला देखावा फुकट जातो. भांडून आलेल्यांना पठारावर. तिथला गार वारा त्यांना आपोआप एकमेकांकडे सरकवतो. आणि लग्न मुरलेल्यांना कातळावर, कारण तिथं पाण्याचा एवढा आवाज असतो की बोलावंच लागत नाही. तिचा हिशेब क्वचितच चुकायचा.

प्रत्येक पायवाटेच्या तोंडाशी खांबाला एक लाल छत्री बांधलेली आहे. जोडपं वर गेलं की आत्या ती उघडते. छत्री उघडी म्हणजे वाट बंद. गुराखी असो, वनखात्याचा माणूस असो, आमच्यातलं कोणी असो, छत्रीच्या पुढं पाऊल टाकायचं नाही. उतरताना जोडप्यानं छत्री मिटायची, मग आम्ही सामान आवरायला जायचं. वर काय चाललंय, हसतायत की रडतायत, हा आपला प्रश्न नाही. हे ती दर हंगामाच्या सुरुवातीला आम्हाला उभं करून बजावायची.

जीपवाल्यानं एकदाच नियम मोडला होता. बिचारा भल्यासाठी गेला होता, कोणाचा तरी विसरलेला स्वेटर द्यायला. आत्यानं तो खाली उतरायची वाट पाहिली आणि खोलीतल्या एका जुन्या छत्रीच्या दांड्यानं त्याची भुवई फोडली. रक्त डोळ्यात उतरलं तरी तो नुसता "चुकलं, आत्या, चुकलं" म्हणत राहिला. नंतर तिनंच त्याला दवाखान्यात नेऊन टाके घालून आणले आणि जाता-येता वाटभर पुन्हा झापलं. त्यानंतर तो उघड्या छत्रीकडं पाठ करून बसायचा.

या नियमामागचं कारण तिनं मला एकदा अंडी सोलता सोलता सांगितलं. नवं लग्न झालेलं असताना ती हट्टानं आतोबांना घेऊन त्याच कातळावर आली होती. बरोबर पाव आणि फळं होती. तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. वरच्या कड्यावर काही टोळभैरव बसलेले होते, त्यांनी शिट्ट्या मारल्या. आतोबांना लाज वाटली, आणि त्यांनी ती आपल्या बायकोवर काढली. आधी थोबाडीत मारली. वरचे हसले. मग त्यांनी कमरेचा पट्टा काढला. वरच्यांनी ते सगळं शेवटपर्यंत पाहिलं, एकानं तर टाळ्या वाजवल्या. खाली कोणी उतरलं नाही.

घरी परतल्यावर तेच दाराआड सुरू झालं आणि वर्षानुवर्षं चाललं. आत्याची डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे, एक दाढ नाही, पाठीवर काय काय आहे ते मी न्हाणीघरात तिला पाणी देताना पाहिलंय. एक दिवस आतोबांनी पट्ट्याला हात घातला आणि हिनं कोपऱ्यातला हातोडा उचलून त्यांच्या मनगटावर घातला. पुन्हा उचलला, पुन्हा घातला. दुसऱ्या दिवशी हात गळ्यात अडकवून ते जे गेले ते गेलेच. आमच्या घरात त्यांचा विषय निघाला की माझे बाबा एवढंच म्हणतात, "प्रवासाला गेलेत." खुंट्या ती त्याच हातोड्यानं ठोकायची.

मी तिला म्हटलं, "पण मग तुला राग मारणाऱ्याचा यायला हवा. बघणाऱ्यांचा कसला एवढा?"

"मारणारा एकच होता," ती म्हणाली आणि सोललेलं अंडं माझ्या हातात ठेवलं.

गेल्या हंगामात एक जोडपं आलं. माणूस देखणा, बोलायला गोड. त्यानं आमच्या खोलीचं कौतुक केलं, टोपलीचं कौतुक केलं, जीपवाल्याला नीट चालवल्याबद्दल शाबासकी दिली. आम्ही न विचारताच म्हणाला, जिथं पाण्याचा आवाज जास्त असेल ती जागा हवी. मुलगी पंचविशीतली असावी. जीपवाल्यानं काहीतरी फालतू विनोद केला, तो नेहमी करतो, आणि ती खळखळून हसली. मग एकदम थांबली. माणूस पुढं आला आणि त्यानं प्रेमानं तिच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. त्याचा हात पोचायच्या आत तिनं हनुवटी वर केलेली होती. मला वाटलं, किती मुरलेलं प्रेम. आत्याचं तोंड मात्र उतरलं.

ती त्यांना कातळावर सोडून आली, छत्री उघडली आणि खांबाला टेकून बसली. मला दुसऱ्या एका जोडप्याला पठारावर न्यायचं होतं, मी निघाले. पुढचं मला त्या मुलीनं आणि आत्यानं सांगितलं, आणि काही जीपवाल्यानं.

आत्याला बसवेना. ती उठायची, चार पावलं टाकायची, परत येऊन बसायची. नियम तिचा होता आणि तो तिनं स्वतः कधी मोडला नव्हता. शेवटी तिनं हातोडा उचलला. जीपवाला बॉनेटवर बसून शेंगदाणे खात होता. तो म्हणाला, आत्या, छत्री उघडी आहे. तिनं सांगितलं, दिसतंय मला, तू इथंच बस, छत्री मिटल्याशिवाय वर आलास तर तंगडी मोडीन. माणसाला समजावून बाजूला न्यावं, एवढंच तिच्या मनात होतं, आणि त्यासाठी बघे नको होते.

वर पोचली तेव्हा समजावण्याची वेळ गेली होती. त्या माणसानं मुलीचे केस मुठीला गुंडाळले होते आणि तो तिचं कपाळ कातळावर आपटत होता. रागानं नव्हे, शांतपणे. एकदा आपटायचा आणि विचारायचा, "त्याला बघून का हसलीस?" उत्तराची वाट बघायचा, आणि पुन्हा आपटायचा. मुलगी ओरडत नव्हती. ओरडलं की वाढतं, हे तिला ठाऊक होतं. आत्यालाही ठाऊक होतं.

 आत्यानं मागून त्याच्या गुडघ्यावर हातोडा घातला. तो कोसळला, केस सुटले. दुसरा घाव तिनं खांद्यावर घातला, पण तिसरा उचलेपर्यंत त्याच्या हाती थर्मास लागला होता. त्याचा फटका तिच्या डाव्या कानावर बसला. तिथून पुढं त्या कानानं तिला काही ऐकू आलेलं नाही. हातोडा हातातून सुटून पाण्यात गेला. त्यानं तिला बरगड्यांत लाथा घातल्या, गळ्यावर बूट ठेवला. मग तिचे पाय धरले आणि तो लंगडत तिला कडेकडे ओढू लागला. खाली धबधबा होता.

आत्यानं चादर धरली. दुसरं धरायला काही नव्हतंच. चादर ताणली गेली, एक खुंटी सुटली, दुसरी सुटली. मुलगी काय करत होती? ती कलंडलेले कप उभे करत होती. कपाळातून रक्त गळतंय, आणि ही बाई एकेक कप उचलून टोपलीशेजारी नीट मांडतेय, कारण सांडलवंड झाली की तिलाच मार पडायचा. हे सांगताना आत्याला रडू आलं. मार सांगताना आलं नव्हतं.

आत्या ओरडली. खाली तिचा जीपवाला होता, धिप्पाड, एका हाकेवर येणारा. पण तो येणार नव्हता. तंगडी मोडीन म्हणून तिनंच त्याला बसवून ठेवलं होतं, आणि छत्री मिटायला स्वतः जाणं आता शक्य नव्हतं.

"पोरी, खाली पळ," ती म्हणाली. "छत्री मिट. आधी छत्री मिट."

मी त्याच सुमाराला पठारावरून उतरले. जीपवाला छत्रीपाशी उभा होता, पांढराफटक. वरून बाईच्या किंचाळ्या येत होत्या, पाण्याच्या आवाजात फाटलेल्या. कोणाच्या, ते कळत नव्हतं. आत्या कुठंय विचारल्यावर त्यानं वर बोट दाखवलं. मग जा ना, मी म्हटलं. तो जागचा हलेना. छत्री उघडी आहे, एवढंच म्हणत राहिला. त्याचं बोट छत्रीच्या कळीवर होतं, म्हणजे मिटायला हात गेलेला होता, पण धीर होत नव्हता. एवढा मोठा बाप्या माझ्यासमोर रडकुंडीला आला होता. मी त्याला नाही नाही ते बोलले आणि वर धावले.

वळणावर ती मुलगी माझ्या अंगावर आली. तोंड रक्तानं माखलेलं, एका पायात बूट. मी धरायला गेले तर हिसडा देऊन खाली सुटली. मला वाटलं, पळाली, गेली रस्त्यानं. पण ती छत्रीपाशी थांबली. जीपवाल्याचा हात बाजूला करून तिनं कळ दाबली. कळ कडक आहे, सवय नसली की बोट चिमटतं. तिचंही चिमटलं. छत्री मिटली आणि जीपवाला माझ्या बाजूनं असा गेला की मी झुडपात पडले.

आम्ही पोचलो तेव्हा एकच खुंटी उरली होती. आत्याचे पाय गुडघ्यापर्यंत कड्याबाहेर होते आणि तो माणूस तिच्या बोटांवर टाच आपटत होता. जीपवाल्यानं त्याला मागून उचलून कातळावर आदळलं. मग छातीवर बसून त्याचं तोंड फोडलं. दात पडल्याचा आवाज मी ऐकला. मला ते थांबवावंसं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. मी आत्याला ओढून घेत होते. तीच शेवटी म्हणाली, पुरे, पोलिसांना ओळखता आला पाहिजे.

मग तिनं जीपवाल्याकडं पाहिलं. "छत्री मिटली होती?"

"हो."

"नसती मिटली तर?"

त्यानं आपल्या फुटलेल्या मुठी शर्टाला पुसल्या. "तुम्हीच सांगितलं होतं, आत्या," तो म्हणाला. आत्यानं डोळे मिटून घेतले.

त्या माणसाला पोलीस घेऊन गेले. मुलीचा भाऊ आला आणि तिला घरी घेऊन गेला. जाताना तिनं आत्याच्या बांधलेल्या हातांवर कपाळ टेकलं, टाके असलेलं. आत्या पूर्ण हंगाम अंथरुणात होती. बोटं जुळून आली. ती आता करंगळीसारखीच वाकडी आहेत, एका ओळीत आल्यासारखी, असं तीच हसून म्हणते. कान मात्र गेला तो गेलाच. मला वाटलं, आता कातळाची वाट ती कायमची बंद करणार.

नवा हंगाम लागला. पहिलंच जोडपं आलं, म्हातारा-म्हातारी, आणि आत्यानं तोंडं बघून कातळ ठरवला. नव्या हातोड्यानं मीच खुंट्या ठोकल्या, तिनं प्रत्येक हलवून पाहिली आणि दोन पुन्हा ठोकायला लावल्या. खाली येऊन तिनं छत्री उघडली. जीपवाला सवयीनं पाठ करून बसायला निघाला.

"तोंड इकडं करून बस," ती म्हणाली. "वरून बाईचा आवाज आला तर जायचं."

"छत्री उघडी असली तरी?"

"असली तरी."

 जीपवाल्याचं बोट भुवईवरच्या व्रणावर गेलं. "आणि वर जाऊन बघतो तर नुसत्याच हसत असल्या, तर तुम्ही मला मारणार."

"मारीन," आत्या म्हणाली. "तरी जा."