डोकं कुणाचं

आमचे हे शाळेची बस चालवतात. पोरं त्यांना ‘हळूकाका’ म्हणतात, कारण यांच्या बसला सायकलवालेसुद्धा मागे टाकतात. कुणी घाई केली की यांचं उत्तर ठरलेलं, “मागे पोरं बसलीत, बटाट्याची पोती नाहीत.”

गेल्या वर्षी फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. उपचार झाले, हे परत बसवर गेले. मग डोकं दुखायला लागलं, सकाळी उठल्याउठल्या उलट्या. तपासण्या झाल्या. मोठे भाऊजी, म्हणजे यांचे दादा, डॉक्टरांच्या खोलीत एकटेच गेले. बाहेर येऊन मला कोपऱ्यात घेतलं.

“मेंदूत पोचलाय. तीन गाठी. पण त्याला एक अक्षर सांगायचं नाही, हाय खाईल. नसा सुजल्यात म्हणायचं.”

रेडिएशनसाठी यांच्या तोंडावर घट्ट बसणारी जाळी बनवून घेतली, डोकं जरासुद्धा हलू नये म्हणून. “नुसत्या नसांना एवढा थाट?” हे हसत म्हणाले. भाऊजीही हसले. मी मेलीनेही हसून घेतलं.

रेडिएशन पुढच्या आठवड्यात होतं. तोवर रजा आणि सूज उतरवायच्या गोळ्या. त्या घेतल्या आणि डोकेदुखी कुठल्या कुठे पळाली, भूक खवळली, माणूस घरभर गुणगुणत फिरायला लागला. “बघ, न सांगितल्याचा फायदा!” भाऊजी म्हणाले. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

आणि एका सकाळी उठून बघते तर हे घरात नाहीत. खुंटीवरचा खाकी शर्टही नाही. मी भाऊजींना फोन लावला.

“हे बसवर गेले वाटतं.”

भाऊजी हळूच म्हणाले, “अगं, डॉक्टरांनी गाडी बंद सांगितली होती. कधीही फिट येऊ शकते.”

“आणि हे मला आत्ता सांगताय?”

“आधी सांगितलं असतं तर तू त्याला अडवलं असतंस. मग त्याने कारण विचारलं असतं ना!”

धन्य! मी फोन आपटला आणि होते तशी पळत सुटले. पहिला थांबा आमच्या गल्लीच्या तोंडाशीच. पोरं चढून बसली होती, दार लागत होतं. मी थेट बससमोर उभी राहिले.

“अगं, वेड लागलं का? बाजूला हो!”

“आधी इंजिन बंद करा! नसाबिसा काही नाही, तुमच्या मेंदूत गाठी आहेत. कॅन्सरच्याच. चालवता चालवता फिट येईल. उतरा!”

थांब्यावरच्या आया माझ्याकडे बघत राहिल्या. बघू देत. यांनी इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. बसमधल्या मदतनीस बाईंना शाळेत फोन करायला लावला आणि एकेका पोराला हात धरून खाली उतरवलं. शेवटचं पोर उतरल्यावर माझ्याकडे वळले.

“वाटेत फिट आली असती तर? ब्रेक दाबायला दादा येणार होता? आणि तुला माहीत होतं?”

“गाठींचं होतं,” मी म्हटलं. हे मला मागे टाकून घराकडे चालू लागले.

दुपारी हॉस्पिटलात नाव पुकारलं तसे भाऊजी सवयीने उठले.

“दादा, तू बाहेर बस,” हे म्हणाले. मी आत गेले, तेही यांनी मान हलवली म्हणून.

“किती पसरलंय, रेडिएशनने काय होईल, काय होणार नाही, सगळं सांगा,” यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी फाइल उघडली, घसा खाकरला आणि माझ्याकडे बघून बोलायला सुरुवात केली.

यांनी टेबलावर हात आपटला.

“इकडे बघा. पेशंट मी आहे.”