जमुनाच्या याडीचं बोलणं

जमुना गेल्याचा फोन आला तेव्हा मी यवतमाळात शिंप्याच्या दुकानात ब्लाउज घ्यायला गेले होते. फोन तिच्या भाचीचा, सुनंदाचा. "काकू, मावशी गेली. सकाळी आंघोळ करून खुर्चीत बसली, अन् तशीच..." मी "बरं" म्हणाले. खरंच, "बरं" एवढंच म्हणाले. मग फोन पिशवीत टाकला, ब्लाउजचे हुक लावून पाहिले, एक बाही घट्ट होती ती उसवून द्यायला सांगितली, आणि शिंपी उसवत होता तोवर बाकावर बसून राहिले. आर्णीची एसटी धरली ती त्यानंतर. याला आता सहा आठवडे होतील. अजून रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, लिहा, मोकळं वाटेल. त्यासाठी लिहीत नाही. एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती जमुनाच्या वाचकांना ठाऊक असावी, एवढंच.

कादंबरीकार म्हणून ती पुष्कळांना माहीत आहे. मला ती भेटली आर्णीच्या शाळेत, भूगोलाची बाई म्हणून. मी मराठी शिकवायची. मी यवतमाळच्या कारकुनाची मुलगी. आमच्याकडे शुद्धलेखनाच्या चुकीवरून जेवायच्या ताटावर बोलणी बसत. ती आर्णीजवळच्या तांड्यावरची, बंजारा घरातली. घरी गोरबोली, वर्गात पुस्तकी मराठी, बाजारात वऱ्हाडी. "मी तीन ठिकाणी तीन बाया आहो," ती म्हणायची, "अन् तिघींची एकमेकींशी ओळख नाही. कादंबरी लिहायची म्हणजे तिघींले एका चुलीपाशी बसवायचं." मधल्या सुट्टीत नकाशांच्या खोलीत बसून ती वह्या भरायची, आणि त्या वाचणारी पहिली मी असायची.

तिची पहिली कादंबरी तिच्या आईवर होती. तांड्यावर आईला याडी म्हणतात. वह्यांमधली याडी गोरबोलीत बोलायची, मध्येच वऱ्हाडीत शिरायची, वाक्य अर्धं टाकून उठून जायची. वाचकाला कळायला हवं, असं माझं म्हणणं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अख्खी कादंबरी सुवाच्य अक्षरात उतरवून दिली आणि उतरवता उतरवता याडीचं एकूण एक वाक्य सरळ केलं. जमुनानं वाचलं. दोन-तीन जागी बोट ठेवलं, काही बोलायला गेली, मग म्हणाली, "तुले जास्त समजते." मला ती शाबासकी वाटली.

पुस्तक निघालं, गाजलं, पारितोषिकही मिळालं. प्रत घेऊन ती तांड्यावर गेली, सोबत मीही. याडीला वाचता येत नव्हतं. ती ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली आणि जमुना वाचू लागली. लेकीला शाळेतून काढायला निघालेल्या दिरापुढे याडी ताठ उभी राहते आणि त्याला सुनावते, तो प्रसंग. म्हातारीनं शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "ई कुण छ?" ही कोण? मग माझ्याकडे वळून याडी वऱ्हाडीत म्हणाली, "चांगली बाई दिसते. शहरातली हाय काय?"

परत येताना आम्ही ऑटो केला. स्टँडवर उतरल्यावर जमुना म्हणाली, "मंदा, त्या पुस्तकात माह्या मायले तू दिसली." आवाज चढला नव्हता. दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही एकाच डब्यात जेवलो. पण नकाशांच्या खोलीत तिनं मला पुन्हा बोलावलं नाही. तिची दुसरी कादंबरी मी दुकानातून आणून वाचली.

पुढे पहिल्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची वेळ आली. जमुना अडून बसली, याडीचं बोलणं परत घातल्याशिवाय देणार नाही म्हणाली. वह्या माझ्याकडेच आहेत असं तिला वाटत होतं. त्या मी केव्हाच पेपरांच्या गठ्ठ्यासोबत रद्दीत दिल्या होत्या. हे तिला सांगावं लागलं. ती म्हणाली, "मग चाल तांड्यावर. जिचं बोलणं, तिलेच विचारू."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही रोज गेलो. जमुना छापील वाक्य वाचायची, याडी ते आपल्या तोंडानं म्हणायची, मी लिहून घ्यायची. दिराचा प्रसंग आला तशी म्हातारी थांबली. माझ्यासाठी वऱ्हाडीत म्हणाली, "मी उभी नव्हती राह्यली. मी त्याच्या पाया पडली होती."

जमुनाच्या हातातलं पुस्तक खाली आलं. "पण याडी, तू तर मले नेहमी उभी राह्यली असंच सांगतलं!"

"तू लहान होती. पाया पडली असं सांगतलं असतं, तं तू शाळेत मान वर करून गेली असती काय?"

नव्या आवृत्तीत तो प्रसंग दोनदा येतो, एकदा उभ्या याडीचा आणि एकदा वाकलेल्या. समीक्षकांनी त्यावर बरंच लिहिलं. तो कसा आला ते असं. जमुना म्हणायची, "पहिली गोष्ट खोटी नव्हती. ती मले शाळेत पाठवासाठी होती." मी मात्र तिची माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू, असं करत याडी गेली, आम्ही दोघी निवृत्त झालो आणि आता जमुनाही...

मागच्या आठवड्यात आर्णीला तिच्या घरी गेले. सुनंदा आता तिथे राहते, दवाखान्यात नर्स आहे. तिनं जमुनाची खोली उघडून दिली. खिडकीबाहेर शेजाऱ्याचं तुरीचं वावर, टेबलावर पानांचा गठ्ठा. शेवटची कादंबरी, अर्धवट. मजकूर मराठी, पण माणसं बोलतात तिथे सरळ गोरबोली, अर्थ कुठेच दिलेला नाही. "छापणारे म्हणतात, काकूंनी पूर्ण करून द्यावी," सुनंदा म्हणाली, "अन् भाषाही पाहून द्यावी."

मी पानं चाळली. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दिसत होत्या; माझ्या डोळ्यांना त्या दिसतातच. "पूर्ण करायची नाही," मी म्हणाले. "काही बदलायचंही नाही. ती थांबली तिथंच थांबू दे."

"मग एकदा वाचून तरी दाखवा. मले तिचं अक्षर लागत नाही. मावशी सगळं मोठ्यानं वाचून पाहे."

मी तिच्या खुर्चीत बसले. शेवटचं पान वर होतं. शाळेतून आलेली मुलगी रिकाम्या घरात शिरते आणि आई कुठे आहे, असं विचारते. तेवढंच वाक्य, खाली कोरा कागद.

"याडी कत छे?" मी वाचलं.

"छे नाही, काकू. छ. आखूड म्हणा."

"याडी कत छ?"

"आता आलं," सुनंदा म्हणाली. मग मी सगळी पानं उलटी करून पहिलं पान वर घेतलं, आणि ती माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली.