रिकामं म्हणून वजा केलेलं आकाश

वहिनी, हे तुझ्याबद्दलच आहे, तेव्हा मध्ये तोंड घालू नकोस. तू गेल्यापासून लोक तुला शांत, सोशिक म्हणायला लागलेत. सोशिक कसली, चांगली चिडकी होतीस! तेवढं आधी नोंदवते आणि मग सरळ गोष्टच सांगते.

तर ही वहिनी रेडिओ दुर्बिणीवर काम करायची. एका दीर्घिकेनं तिला झपाटलं होतं: चपटी तबकडी आणि तिच्या वरून-खालून फिरलेलं उभं कडं. शेजारून गेलेल्या एखाद्या दीर्घिकेचा वायू ओढला जाऊन ते कडं बनलं, असं तिचं म्हणणं. तसं असेल तर रेणूंचा थंड वायू, ज्यातून तारे जन्मतात तो, कड्यात सापडायला हवा. निवृत्तीआधी दुर्बीण तिला दोनदाच मिळणार होती.

वायू असला तर आलेखावर उंचवटा दिसायचा; पहिल्या खेपेला आला खड्डा. "यंत्र बिघडलंय!" म्हणत तिनं तंत्रज्ञाला फैलावर घेतलं.

"बाई, तुमच्यासमोर बिघडायची यंत्राची काय टाप आहे?" तो म्हणाला.

घरी आदळआपट. शेवटी नणंदेनं तिला हाताला धरून भाजी घ्यायला नेलं. भाजीवाल्यानं बटाटे काट्यावर ठेवले, तर वजन उणे!

नणंद कडाडली, "काटा तरी धड ठेवा!"

"काटा धड आहे, मावशी. मघाशी भोपळा वर असतानाच शून्य दाबलं मी, मग तो उचलला."

वहिनी थिजली. "वन्सं, मीपण भोपळ्यासकट शून्य केलं!"

"म्हणजे?"

"दुर्बीण आधी कड्याकडे बघते, मग शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे, आणि ते त्यातून वजा करते. मी निवडलेलं आकाश रिकामं नव्हतंच! कड्याची अंधूक कड तिथवर गेलीय. वायू तिथंच जास्त असणार."

"आणि त्या बिचाऱ्याला उगाच झापलंस."

"मागते माफी! बटाटे तुम्ही आणा," म्हणत ती सुटली. नणंदही काळजीनं तिच्यामागे.

दुसऱ्या खेपेला वहिनीनं दुर्बीण कड्याच्या त्या अंधूक कडेवरच रोखली, आणि रिकामं आकाश पार लांबचं घेतलं. बारीकसा उंचवटा वर आला. तिनं लगेच फोन केला.

"वन्सं, आहे वायू!" मग, "आणि बटाटे?"

बटाट्यांची पिशवी त्या दिवसापासून भाजीवाल्याकडेच होती.

"उद्या आणते," नणंद म्हणाली.

ती पिशवी अजून आणायची आहे.