वाहेदभाईंच्या भट्टीतला खंगर

वरवट बकालच्या वाहेदभाईंची हयात वीटभट्टीवर गेली. धुराच्या रंगावरून ते आतली वीट कच्ची की पक्की ते सांगत. म्हणून पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं, जाळून गॅस काढायचा आणि त्यावर इंजिन चालवायचं, असा प्रायोगिक प्लांट गावाबाहेर उभा राहिला, तेव्हा भट्टी सांभाळायला त्यांनाच बोलावलं.

ज्या बीटी कपाशीला अळी शिवत नाही म्हणून छातीठोक सांगितलं होतं, तिचीच बोंडं त्या साली गुलाबी अळीनं पोखरली. पऱ्हाटी शेतात ठेवू नका, अळी परत येईल, असं जो तो सांगत होता. प्लांटची भूक मोठी, त्यामुळे गावाला हायसं वाटलं. पण इंजिन सलग आठ तास चाललं नाही तर प्लांट दुसऱ्या जिल्ह्यात जाणार होता. दोन चाचण्यांत ते चौथ्या तासाला बंद पडलं. उरली एकच.

"पऱ्हाटी ओली आहे," पुण्याचे इंजिनिअर कुलदीप म्हणाले. ओलावा मोजायच्या मीटरवर त्यांचा भारी जीव.

वाहेदभाईंनी थंड भट्टीत हात घालून जाळीवरचा काळा, काचेसारखा गोळा उपसला. "साहेब, हा खंगर हाय. माती जास्त भाजली का असाच होते. यानंच जाळी बुजते, मंग इंजिन बंद."

भट्टीत माती कुठली? ते पऱ्हाटीच्या गंजीकडे गेले आणि कपाळावर हात मारला. पऱ्हाटी चिमट्यानं मुळासकट उपटायची, हीच इथली रीत. प्रत्येक मुळाला काळ्या मातीचं ढेकूळ. चुलीत त्याचं कुणाला काय! जन्मभर माती भाजणारा हा माणूस महिनाभर स्वतःच्या हातानं ती भट्टीत घालत होता. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

पऱ्हाटी पुरवणाऱ्या अन्नपूर्णाबाई उखडल्या. "उपटा म्हनता, मंग मुळं तोडा म्हनता. काऊन हो भाऊ?"

"वहिनी, उपटा मुळासगटच. मुळं तुमच्या चुलीले, खोडं माह्या भट्टीले."

तिसऱ्या चाचणीत आठ तास झाले, नऊ झाले. शेवटी कुलदीपनीच इंजिन बंद करायला सांगितलं.

"काऊन? आताशी तं तापलं," वाहेदभाई म्हणाले.

सकाळी जाळीखाली नुसती मऊ राख होती. ती ओंजळभर घेऊन ते अन्नपूर्णाबाईंच्या बांधावर गेले. "घ्या वहिनी, तुमची अळी."

बाईंनी राख चिमटीत चोळून पाहिली, खडा लागला नाही. मग ओंजळ घेऊन ती मोकळ्या वावरात भिरकावली.

"ये म्हना आता परत!"